अक्षांश-रेखांशासकट

महबूला, शनिवार

प्रिय नीरू,

तुझ्या जोडीदाराविरुद्धच्या, प्रणयविरुद्धच्या जबाबावर तू सोमवारी सही करणार आहेस, असं आईला आलेल्या तुझ्या मेसेजवरून कळलं. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय करू नकोस, तुझ्या पाया पडतो. तीन दिवस तू कुणाचाच फोन घेत नाहीस, म्हणून मेल लिहितोय. तू अभ्यासतेस त्या झऱ्यातले न्यूट कुणीतरी चोरून नेले. ती जागा आपल्या चौघांनाच ठाऊक होती, मग प्रणयनेच ती बाहेर फोडली, असं तू ठरवलंस. आईबाबांचा संशय तुझ्या मनालाही शिवला नाही.

गेल्या वर्षी आम्ही त्या जपानी बेटावर आलो, तेव्हा तू आमचे बूट जंतुनाशकाच्या बादलीत बुडवायला लावलेस. पायांना सोवळं, म्हणून आई किती हसली! दगड उलटायचा नाही, पाण्यात हात घालायचा नाही, बोलायचंसुद्धा नाही. तासभर भिजत बसल्यावर तळाशी तो बोटभर न्यूट हलला. दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या गोतातला, नारिंगी पोटाचा, जगात फक्त तिथल्याच बेटांवर राहणारा. तू श्वास रोखून त्याच्याकडे बघत होतीस आणि मी तुझ्याकडे. एवढा अभिमान मला स्वतःचा कधी वाटला नव्हता.

नंतर तू एक फोटो पाठवलास, खालच्या पट्टीवर तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश. पुढे पाठवू नका, असं बजावलंसही. पण इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लक्ष्मीकांतने विचारलं, नीरजा अजून तिकडे पालीच मोजते का? मला झोंबलं. फोटोवर 'आमच्या कन्येचं संशोधन' असं टाइप केलं आणि दिला टाकून. पट्टी कापता आली असती गं. पण मी तीस वर्षं आखातातल्या रिफायनरीत इन्स्पेक्शन करणारा माणूस. पट्टी नसलेला फोटो पुरावा म्हणून धरत नाही, ज्युनिअरच्या अंगावर परत फेकतो. लक्ष्मीकांतला पुरावा द्यायचा होता मला.

तुझ्याकडची चोरी कळल्यापासून मनाला चैन नव्हतं. काल शुक्रवारी इथल्या राई भागातल्या बाजारातली प्राण्यांची दुकानं धुंडाळली. एका ठिकाणी प्लॅस्टिकच्या डब्यात पाच न्यूट होते, दोन उताणे पडलेले. माल अस्सल आहे हे पटवायला दुकानदाराने मोबाइल पुढे केला. तोच फोटो, पट्टीसकट, आणि त्यावर माझी मराठी ओळ. तुझा झरा मी रिकामा केला, नीरू. तुझ्या बापाने केला.

बाहेर येऊन प्रणयला फोन लावला. त्याला सगळं ठाऊक होतं. फिरत फिरत तो फोटो केव्हाच त्याच्यापर्यंत पोचला होता. तरी तुझे आरोप त्याने मुकाट ऐकून घेतले. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, तिला दुसरा जोडीदार मिळेल काका, दुसरे बाबा मिळायचे नाहीत. तुम्हीही गप्प राहा, अशी गळ घातली त्याने. फोटो सोबत जोडलाय, जबाब जिथे द्यायचाय त्या ऑफिसात माझ्या नावानिशी दे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण त्या पोराला आधी फोन कर. आणि आणखी एक, तेही तुला कळायलाच हवं. गप्प राहण्याबद्दल काल मी त्याला हो म्हणालो होतो.

तुझाच, माफी मागायचंही तोंड न उरलेला,
बाबा