वाचनाच्या महिन्याचे अंगठे

दै २, रविवार

सरकारी दै महिना लागला. आपला कार्तिक सरत आला. परतूरला येऊन दीड महिना झाला. गाव तिकडं जाफराबादेपल्याड, निरोप न्हाई, माणूस न्हाई. जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस टाकायचं काम सुटलं, मुकादमानं हजेरीवर बसवलं. तीन यत्ता शिकलो त्या आता कामाला आल्या. खोकला तेवढा राह्यला. हा हंगाम झाला की नागपूर. न्हाई तर मुंबई. इथं राहणं बिलकुल न्हाई.

आज जिनाच्या फाटकात एक मास्तर येऊन उभे. काळी टोपी, कोटाच्या कोपराला ठिगळ. मारुतीच्या ओसरीत मराठी शाळा चालवतात. कापूस निवडणाऱ्या बायांना सांगून राह्यले, "हा महिना वाचनाचा. पोरं घरी येऊन धडा मोठ्यानं वाचतील. तुम्ही फक्त ऐकायचं."

कौसाबाई म्हणली, "ऐकून पोट भरंल का मास्तर?"

"भरत न्हाई. पण भाकर खाताखाता ऐकता येतं."

बाया हसल्या. कौसाबाईची चंद्री त्यांच्याच शाळेत. नऊ वर्षांची असंल. बाप न्हाई.

दै ४, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत शाळा पाहून आलो. पत्र्याची एक पेटी, तीत वीसेक पुस्तकं, निम्म्यांना पुठ्ठा न्हाई. मास्तर म्हणाले, "पोरं लबाड आहेत. न वाचता वाचलं म्हणतात. मला कळावं कसं?"

मी म्हणलं, जिनात कोण हाजिर, कोण गैरहाजिर, कसं कळतं? अंगठा. ऐकणाराचा अंगठा घ्या.

मास्तर माझ्याकडं बघतच राह्यले. "अरे किसन, तू शाळा का सोडलीस?"

सोडली न्हाई, सुटली. पण सांगितलं न्हाई. दिवसभर बरं वाटत होतं.

दै ५, बुधवार

वही केली. जिनातली हजेरीची कोरी वही घेतली. मुकादमाला विचारलं, अर्धवट. रकाने जिनातल्यासारखेच आखले. नाव, बापाचं नाव, वस्ती, अंगठा.

मा. म्हणाले, "काय ऐकलं त्याचाही एक रकाना पाहिजे."

मी म्हणलं, पान अरुंद आहे. पोरांना पाठ राहतं की. कशाला उगी.

मा.नी पान पाह्यलं. मंग म्हणाले, "बरं."

कायदा असा ठरला. रोज एका आळीची पाळी. त्या आळीतल्या पोरांनी घराघरात जाऊन वाचायचं, एका माणसाचा अंगठा एकदाच. ज्याचे अंगठे जास्त, त्यानं महिन्याच्या शेवटच्या दिवशी पारावर सगळ्या गावापुढं वाचायचं. शाईची गादी चंद्रीकडं. गादी सांभाळायला मिळाली म्हणून तिनं ती उशाला घेतली म्हणे. कौ.बाईचं लुगडं निळं झालं.

दै ११, मंगळवार

चंद्रीनं आज इब्राहिमचाचाला गाठलं. चाचा जिनात यंत्राला तेल घालतो. जेवून बसला होता.

"चाचा, ऐकता का?"

"मेरेकू सब समजता. तू पढ."

विहिरीत पडलेल्या म्हशीचा धडा. म्हस पाण्यात, लोक काठावर, दोर आणा, बाज सोडा, कोणी ऐकंना कोणाचं. चाचा पानाचा तुकडा गालात तसाच ठेवून ऐकून राह्यला. चंद्री थांबली.

"फिर? भैंस निकली क्या?"

"पुढचं पान फाटलंय."

"या अल्ला! भैंस कू पानी में छोड के पन्ना फाड दिये!"

अंगठा दिला तो तेलाचाच. गादी लागलीच न्हाई. डाग पानाच्या पाठीमागं उतरला. आता ज्याला त्याला विचारतो, भैंस का क्या हुआ.

दै १४, शुक्रवार

जुम्म्याची सरकारी सुट्टी शाळेला, जिनाला न्हाई. तरी पोरं भाकरी घेऊन येतात अन् कापसाच्या गंजीच्या सावलीत वाचतात. मी रोज ऐकतो. आईनं कधी अशी गोष्ट सांगितली न्हाई, तिला वेळच न्हवता. मा. म्हणाले, "किसन, तुझा अंगठा कुठाय?"

मी म्हणलं, मी सही करतो. अंगठा देणारा न्हाई मी. शेवटल्या दिवशी झोकात सही करीन.

मा. हसले. चंद्री न्हाई हसली.

वस्तीत सांजेला वेगळंच वाटतं. ह्या घरातून एक आवाज, त्या घरातून एक. अडखळतात, पुन्हा धरतात. मुंबईचं दोन दिवस डोक्यात आलं न्हाई.

दै १९, बुधवार

पारावर माणसं जमवायची तर इजाजत लागते. मा.नी उर्दूत अर्जी लिहून ठाण्यात दिली त्याला आठ दिवस झाले. जवाब न्हाई.

मा. म्हणाले, "न्हाई म्हणले न्हाईत ना?"

चाचा म्हणला, "जवाब नहीं आया तो घर बैठो मास्तर."

बसले न्हाईत. पोरांकडनं पार झाडून घेतला.

दै २४, सोमवार

मास्तरला नेलं.

सकाळी ठाण्यातले अमीन, म्हणजे फौजदार, अन् चार जवान ओसरीत. पेटी उचलली. ओसरीतली शाळा बंद. पोरं देवळामागं पळाली, एक तिथंच मुतलं. बातमी अशी गेली होती की पोरं घराघरातून अंगठे घेऊन राह्यली, सरकारच्या विरुद्ध शपथ घेतल्याचे. यादी होऊन राह्यली. बातमी कोणी दिली, तर जितकी तोंडं तितकी नावं.

वही सापडली न्हाई. नवी पानं आखायला काल मी आणली होती. माझ्या वळकटीत होती.

मी रस्त्याच्या पलीकडं उभा होतो. मास्तरनं एकदा माझ्याकडं पाह्यलं अन् नजर काढून घेतली. मी पुढं गेलो न्हाई. हे लिहून ठेवतो.

दै २५, मंगळवार

चाचा ठाण्यात भाकर देऊन आला. एका जवानाची वळख आहे त्याची.

"मारे हैं. उंगलियाँ सुज गए. पूछते, बही कहाँ है. मास्तर बोलता, जल गई."

जळाली न्हाई. इथं आहे, कापसाच्या गंजीखाली. अमीन म्हणतो, वही आली तर बघू. न्हाई आली तर शुक्रवारनंतर परभणीच्या तुरुंगात चालान. तिथं गेलेलं माणूस कधी येतं ते…

दै २७, गुरुवार

कौ.बाईनं चंद्रीला मारलं. कशावरनं? गुळाला बांधून आलेला कागद वाचत होती. चंद्रीकडं एक पुस्तक राह्यलं होतं पेटीतलं, ते कौ.बाईनं चुलीत घातलं. माझ्यादेखत. मी नुसता बघून राह्यलो.

मंग कौ.बाई माझ्याकडं आली. डोळे सुजलेले, पण आवाज साधा.

"भाऊ, तुम्ही म्हणलात अंगठा द्या, दिला. आता माझा अंगठा त्यातून काढून द्या."

म्हणलं, निघत न्हाई बाई.

"मंग घेतला कशाला?"

आळीतून चाललो तर सगळं गप. पोरं मला बघून आत जातात. एका बाईनं दारच लावलं. ज्यांनी आयुष्यात कधी पुस्तक हातात घेतलं न्हवतं त्यांनी वीस दिवस ऐकलं. आता जन्मात ऐकणार न्हाईत.

दै २८, शुक्रवार

सकाळच्या गाडीला स्टेशनावर गेल्तो. वळकटी घेऊन. कोणाला बोललो न्हाई. गाडी आली, गेली. का न्हाई बसलो ते मलाच माहीत न्हाई. खरं म्हणजे माहीत आहे.

परत येऊन वही उघडली. त्र्याऐंशी अंगठे. नाव, बाप, वस्ती, अंगठा. नाव, बाप, वस्ती, अंगठा. मी अमीन असतो तर मीही तेच म्हणलो असतो. कुठं म्हस न्हाई, विहीर न्हाई, काही न्हाई. एक रकाना. मास्तर म्हणाले होते.

जाळली तर मास्तर परभणीला. दिली तर त्र्याऐंशी माणसं ठाण्यात, कौ.बाई पहिल्या पानावर.

चालान अजून झालं न्हाई. अमीन दौऱ्यावर गेलाय, रविवारी येणार. चाचाच्या जवानाकडून कळलं.

दै २९, शनिवार

चंद्री आईची भाकर घेऊन आली. गालावर वळ. मी गंजीमागं बसलो होतो, तिनं हुडकून काढलं. वही माझ्या मांडीवर.

"मला समदं ध्यानात हाये," म्हणली.

"काय समदं?"

बोट ठेवलं. "ही माझी आई. तिला चिमणीच्या घराचा धडा. हे कुंभाराचे तात्या. त्यांना पहिला पाऊस, अर्धाच, त्यांना झोप लागली. ही गंगूची आजी, तिला दोनदा वाचला, बहिरी हाये."

म्हणलं, बाकीच्या आळ्यांचं?

"दुधनेवर धुणं धुताना पोरींना विचारलं. पोरांचं पोरींनी विचारून आणलं. कोणी मोठ्यांना न्हाई सांगितलं."

मी लेखणी काढली. अंगठ्याच्या बाजूला जी चिंचोळी जागा होती तिथं लिहीत गेलो. पान अरुंद न्हवतं. बसलं सगळं. कोण कुठं हसलं, कोण उठून गेलं, तेही चंद्री सांगत गेली, मी लिहीत गेलो. चाचापुढं लिहिलं: विहिरीतली म्हस, पुढचं पान फाटलेलं. चौघांचं कोणालाच आठवंना. तिथं 'माहीत न्हाई' लिहिलं. खोटं एकही न्हाई.

पण शाई वेगळी दिसते. जुनी फिकट पडली, माझी ताजी काळी. आंधळ्यालाही कळंल की मागनं लिहिलं.

चंद्रीनं शेवटचं पान पाह्यलं, मंग पुन्हा पहिलं.

"तुमचा अंगठा कुठाय?"

दै ३०, रविवार

आज पारावर वाचायचं होतं. पार झाडलेला आहे, पाला पडलाय पुन्हा.

चाचाला सांगितलं, वही घेऊन ठाण्यात जातो.

"तू मत जा. मैं जाता. मेरा अंगठा तेल का, छुपता नहीं."

म्हणलं, अक्षर माझं आहे. रकाने माझे.

"फिर दोनों." टोपी घातली त्यानं.

"अमीन मानंल का चाचा?"

"पढेगा तो मानेगा. पढता क्या, ये मालूम नहीं."

वहीच्या वरच्या कोऱ्या पट्टीत माझं नाव लिहिलं. बापाचं नाव. वस्ती. सही केली न्हाई. गादी चंद्रीनं आणली, लुगड्यात लपवून ठेवली होती कौ.बाईनंच, फेकली न्हवती. अंगठा दाबला. बाजूला लिहिलं: सगळे धडे ऐकले. रकाना ह्यानंच सोडला.

जिनाच्या हजेरीत माझ्या नावापुढं गैरहाजिर लिहून आलो. मुकादम ओरडला, ओरडू दे.

ही रोजनिशी कौ.बाईकडं ठेवायला नेली. हात पुसून घेतली तिनं, उलटी धरली.

"ह्यात काय हाये?"

म्हणलं, झालेलं सगळं.

चुलीकडं पाह्यलं तिनं. चूल पेटलेली होती. "ठेवू का घालू?"

मी म्हणलं, सांजेपर्यंत ठेवा. मी आलो तर माझी मला द्या. न्हाई आलो तर… चंद्रीला वाचता येतं. तिला वाचू द्या, तुम्ही ऐका.

शेवटचं एवढं लिहायला परत मागून घेतली, तर ती सोडंना लवकर. चाचा दारात हाक मारून राह्यला.