समोरून शिकलेले ताई ची

आदरणीय मामा,

काल तुम्ही माझ्या ताई ची या चिनी व्यायामाच्या वर्गाकडे तोंड करून हात उचललात आणि सगळे शिष्य तुमच्याबरोबर आरशातल्यासारखे हलले. "भाच्याने ताई चीच्या यांग घराण्याचं नाव राखलं," असे तुम्ही सर्वांसमोर म्हणालात. मी मान खाली घातली. तुम्हाला तो विनय वाटला.

खरे असे आहे की, बाकीचे तुमच्या पाठीमागे उभे राहून शिकले. मला तुमचे पाय नीट दिसावेत म्हणून मी समोरून शिकलो. त्यामुळे तुमचा डावा हात तो माझा उजवा झाला आणि पुढे माझ्या पाठीमागे उभे राहून शिकलेल्या माझ्या शिष्यांचाही. माझ्या वर्गातल्या फक्त शिवणकाम करणाऱ्या काकूंना संशय आहे. "सर, ताई चीच्या पुस्तकातला माणूस आपल्या उलटा का वळतो हो?" मी म्हणालो, "छपाईची चूक."

रविवारच्या प्रात्यक्षिकात तुमचे आणि माझे शिष्य एकाच रांगेत, तुमच्या पाठीमागे असतील. पहिल्याच वळणाला ते एकमेकांवर आदळतील, आणि त्यानंतर तुम्ही मला वारस म्हणून जाहीर करणार आहात.

म्हणून एक नम्र विनंती आहे. तुमच्या शिष्यांना त्या दिवशी प्रेक्षकांत बसवा आणि तुम्ही आमच्याकडे तोंड करूनच उभे राहा. वडीलधाऱ्या माणसाने आपल्या माणसांकडे पाठ फिरवणे बरे दिसत नाही.

तुमच्यासमोर उभा असलेला,
भाचा