वरच्या फळीवरच्या डब्याला हात लावायचा नाही

चि. चौकस यास,

ताईचे आशीर्वाद. देवाच्या दयेने इकडे सगळे धडधाकट आहेत. तूही असशील असं धरून चालते, कारण फोनवर विचारलं तर तू "हं" एवढंच म्हणतोस आणि त्या "हं"वरून तुला खोकला आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. पाठ कशी आहे? खुर्चीत उशी घेतोस का? वेळेवर जेवतोस का? या तिन्हींची उत्तरं वेगवेगळी लिहावीत, एका "हं"मध्ये गुंडाळू नयेत. आमचे हे बरे आहेत (डावा गुडघा सोडून). कन्येची परीक्षा पार पडली. इथे कुशल संपलं. आता मी तुझ्यावर का रागावले आहे ते सांगते. कागद जुन्या कॅलेंडरचा आहे, मागची बाजू कोरी असताना नवा कशाला फाडायचा? तेव्हा मधूनच पलीकडच्या तारखा दिसल्या तर त्यांचा मजकुराशी संबंध जोडू नकोस. (तुझे चाहते जोडतील.)

गेल्या मंगळवारी दाढ ठणकली म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले. बाकावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि शेजारच्या खोलीत दिवा उगाच जळत होता. मी उठून बंद केला. आत पडद्यामागे डॉक्टर स्वतः एक्स-रे बघत उभे आहेत हे मला कसं दिसणार? काहीतरी लोखंडी खाली पडल्याचा आवाज झाला, मग डॉक्टर बाहेर आले, आणि रागवायचं सोडून माझ्याकडे दर्शन झाल्यासारखे बघत राहिले. माझं कार्ड मागूनपुढून वाचलं (माहेरचं आडनाव मी अजून कंसात लिहिते, वडिलांचं आहे, टाकवत नाही) आणि विचारलं, "तुमचे भाऊ तो अंतराळाचा खेळ लिहितात का हो?"

मला एवढंच ठाऊक होतं की तू कुठल्या तरी कंपनीत खेळांच्या गोष्टी लिहितोस. मी समजत होते, पोराटोरांसाठी कोडीबिडी असतील. पण चारशे माणसं घेऊन एक जहाज नव्या ग्रहाकडे निघालं आहे, सात वर्षं झाली तरी पोचायचं नाव नाही, आणि त्या जहाजाच्या कोठीवर एक म्हातारी बसवली आहे, कमरेला किल्ल्या, कानावर पेन्सिलीचा तुकडा, कपाळावर कायमची आठी, आणि ती कोठीवाली "माझ्या ताईवरून घेतली आहे" असं तू मुलाखतीत सांगून मोकळा झाला आहेस, हे मला परक्या माणसाकडून, तोंडात कापूस कोंबलेल्या अवस्थेत कळावं? आणि म्हातारी! मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे रे, नव्वद नव्हे.

हातात यंत्र घेतलेला माणूस प्रश्न विचारतो तेव्हा उत्तरही देता येत नाही आणि उठूनही जाता येत नाही. मी मनात नामस्मरण करत होते आणि डॉक्टर दाढ कोरत विचारत होते, कोठीवाली रिकाम्या दालनांतले दिवे का मालवत फिरते? त्यांच्या मंडळीत म्हणे यावर दोन तट आहेत. एक तट म्हणतो की जहाजाच्या बाहेर प्रकाश खाणारं काहीतरी दबा धरून आहे आणि ते फक्त तिलाच माहीत आहे. दुसरा म्हणतो की ती स्वतःच ते आहे. (मी! प्रकाश खाते!) कापूस निघाल्यावर पहिलं वाक्य मी बोलले ते, "अहो, विजेचं बिल." डॉक्टर हसले. त्यांना वाटलं मी टाळते आहे.

दुसरा प्रश्न त्या शिकाऊ पोराचा, जो जहाजावर सगळ्यांना का, का म्हणून छळत फिरतो. (हा कुणावरून घेतला ते मुलाखतीत सांगायला बरी लाज वाटली.) त्याचा सगळा गणवेश पांढरा, पण गळ्याखालचं दुसरं बटण तपकिरी. का? यावर एका गृहस्थांनी चाळीस पानं लिहिली आहेत आणि ते बटण एका गुप्त पंथाची खूण आहे असं सिद्ध केलं आहे. मी डॉक्टरांना सांगितलं, त्या कार्ट्याने शाळेच्या शर्टाचं बटण हरवलं, घरात पांढरं नव्हतं, तपकिरी होतं, ते मी लावलं. दोन दिवस त्याला बोलत होते, हेही सांगितलं. डॉक्टरांनी ते कागदावर टिपून घेतलं, औषध मात्र लिहून द्यायला विसरले. मला अर्ध्या जिन्यातून परत वर जावं लागलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी पोस्टाची तिकिटं खर्च केली नसती. रविवारी दुपारी दारावर तिघं उभे. डॉक्टर, एक बँकेतला कारकून आणि एक गणिताची शिक्षिका. शिक्षिका! आमच्या ह्यांनी, मला न विचारता, "या, या" केलं. हे त्यांना चहा घ्या म्हणत होते आणि त्यांना चहा नको होता, स्वयंपाकघर बघायचं होतं. कारकुनाने माझ्या दिव्याच्या बटणाचा फोटो काढला. बाईंनी विचारलं, डाळ-तांदळाच्या डब्यांवर चिठ्ठ्या कशाच्या? मी म्हटलं, कधी भरले त्याच्या तारखा, कशाच्या असणार! तिघंही एकमेकांकडे बघून माना डोलवायला लागले. मग कारकुनाची नजर वर गेली आणि त्याने फळीवरच्या, मी माहेराहून आणलेल्या पत्र्याच्या डब्याकडे हात नेला.

मी ओरडले. डब्याला कुणी शिवलं तर माझ्या तोंडून आपोआप तेच निघतं, तुला ठाऊक आहे. "त्याला हात लावायचा नाही!" शेजारच्या घरातलं कुत्रं गप्प झालं. आणि ही तिन्ही शिकलीसवरलेली माणसं, शरमिंधं व्हायचं सोडून, टाळ्या पिटायला लागली! अगदी तसाच आवाज, म्हणाली. कारण तुझी कोठीवालीही तेवढंच ओरडते आणि हात लावणाऱ्याची निम्मी शक्ती जाते. सात वर्षं ती वरच्या फळीवरचा डबा रोज पुसते, उघडत कधी नाही, आणि आत काय आहे हे सगळ्या खेळातलं सगळ्यांत मोठं कोडं होऊन बसलं आहे म्हणे. जाता जाता बाई म्हणाल्या, "आता थोडेच दिवस. एक तारखेला ते डबा उघडणार आहेत. जाहीर केलंय त्यांनी."

चौकस, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातला डबा उघडण्याआधी घरच्या बाईला विचारायची रीत असते. तू मला विचारलंस? मला कळवलंस? माझी आठी घेतलीस, माझ्या किल्ल्या घेतल्यास, माझा आवाज घेतलास, ते मी एक वेळ सोसलं असतं. डबा माझा आहे.

त्या रात्री काही मी झोपले नाही असं नाही, झोपले, पण सकाळी देवापुढे बसले तर मन लागेना. मग कन्येला म्हटलं, दाखव बाई तुझ्या मामाच्या चाहत्यांचा तो ग्रुप. अकरा हजार माणसं आहेत त्यात! अकरा हजार माणसांना घरी काही कामं नाहीत! डब्यात जुन्या पृथ्वीची माती आहे असं चार हजारांचं मत. कप्तानाचा आत्मा आहे असं दोन हजारांचं. (आत्मा डब्यात मावत नाही, एवढं तरी कळायला हवं.) एकाने, त्याचं टोपणनाव "शून्यमामा", डबा हलतो तेव्हाचा खुळखुळाट हळू करून करून ऐकला आणि आत नेमक्या अकरा वस्तू आहेत असं शोधून काढलं, आणि तुला विचारलं, आणि तू म्हणालास की हो, अकराच, मुद्दाम, एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही. झालं! आता अकरा बुडालेले ग्रह, अकरा पहिले प्रवासी, अकरा अमकं नि अकरा तमकं.

मला चुकीचा आकडा सहन होत नाही, हे माझ्या बाबतीत पहिल्यापासून आहे. मॅट्रिकला मराठीत बेतास बात, पण गणितात पैकीच्या पैकी होते, विसरू नकोस. मी कन्येच्या फोनवरून एवढंच लिहिलं, "अकरा नाहीत. दहा आहेत." (दहा काय, ते खाली सांगते.) तर माझ्यावर तुटून पडले. शून्यमामा म्हणाला, तुमच्या म्हणण्याला खेळात आधार दाखवा. मी लिहिलं, मी स्वतः आधार आहे, कोठीवाली मीच. तर कुणीतरी लिहिलं, "काकू, कोठीवाली असं कधीच बोलणार नाही." आणि मला सात दिवसांसाठी ग्रुपातून काढून टाकलं! माझ्याच घरातल्या डब्याबद्दल खरं बोलले म्हणून मला बाहेर काढलं, आणि चाळीस पानं थापा लिहिणारा आत मानाने बसला आहे. ह्यांना सांगितलं तर हे गुडघा चोळत म्हणाले, "तुझं मत खेळाला धरून नसेल." दोन दिवस मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

मला राग कशाचा आहे ते नीट समजून घे. लहानपणी कुठलीही गोष्ट सांगायला घेतली की राजाने जेवल्यावर हात कुठे धुतले इथपासून तुला हवं असायचं. राक्षसाची आई कोण, परी पावसात उडते तेव्हा पंख कोण वाळवतं. वडिलांनी चौकस नाव ठेवलं ते काही उगाच नाही. आणि हातातलं काम न सोडता मी तुझ्या प्रत्येक "का"ला उत्तर दिलं. एकही सोडला नाही (एक सोडून). आणि आता तूच अकरा हजार माणसांना दिवे का, बटण का, डबा का, असं अर्धवट लटकत ठेवतोस आणि त्यांनी उत्तरासाठी माझं दार ठोठावायचं? ज्याला सगळं नीट सांगितलं गेलं त्याने तरी लोकांना नीट सांगावं. दिव्यांचं सांगून टाक. बटणाचंही सांग, त्या चाळीस पानवाल्याला जरा विश्रांती मिळेल. कोठीवालीच्या कपाळावरची आठी कमी कर. पण एक तारखेचा बेत रद्द कर. कारण विचारू नकोस. मोठी बहीण सांगते एवढं पुरे.

बाकी सगळं ठीक. उशी घेत जा.

तुझी रागावलेली,
ताई

ता. क. – हा खेळ मी खेळत नाही. कन्या खेळते तेव्हा नुसती शेजारी बसते. तरी सातव्या मजल्यावरच्या पाण्याच्या खोलीचं दार किल्ली फिरवूनही उघडत नाही, त्याचं काय करायचं ते कळव. कन्या कॉलेजात गेली की मला तिथेच अडकून पडावं लागतं.

ता. क. दुसरा – लिहिलेलं पुन्हा वाचलं. मोठी बहीण सांगते एवढं पुरे, असं लिहिलंय, पण तुला ते कधीच पुरलेलं नाही. तेव्हा सांगते. छापखाना बंद पडून वडील घरी बसले ते वर्ष. आई अंथरुणावर, मी नुकती मॅट्रिक झालेली, आणि स्वयंपाकघर माझ्या हातात आलेलं. तू सात वर्षांचा. ताटात कमी पडलं की फळीकडे बघून विचारायचास, "ताई, डब्यात आहे ना?" मी म्हणायचे, "आहे. पण अगदीच काही नसेल त्या दिवशी काढायचं. आजचं भागलंय." मग तू निमूट झोपायला जायचास. चौकस, त्यात काही नव्हतं. तू हलवून बघशील म्हणून आईच्या जुन्या कोटाची काळी बटणं मी त्यात टाकली होती. दहा. मोजून. रोज खोटं बोलायचे आणि रोज देवाची माफी मागायचे. त्याने केली असावी, कारण दिवस निघाले. तुला अजून वाटत असेल की घरात काहीतरी राखून ठेवलेलं होतं. ते तसंच वाटू दे. अकरा हजार माणसांदेखत तू झाकण काढावंस आणि आत बटणं निघावीत, हे मला बघवणार नाही. म्हणून, उघडू नकोस.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून सोडवलं आहे (डिंक फुकट गेला). मनात आलं, शून्यमामाला एकदाच ठणकावून सांगावं, तर आकडा डोळ्यांनी बघून सांगावा. घरात कुणी नव्हतं. स्टुलावर चढून डबा काढला. झाकण गंजलं होतं, उलथन्याने उचकटलं. ओट्यावर ओतून मोजली. अकरा. परत मोजली. दहा काळी, मोठी, कोटाची. आणि एक पांढरं, लहान, चार भोकांचं, शाळेच्या शर्टाचं.

मेल्या, दोन दिवस मी तुला बोलत होते. "हरवलं" एवढंच म्हणत होतास. स्टुलावर चढलास कधी, झाकण काढलंस कधी, आत बघून कुणाला एक अक्षर बोलला नाहीस, उलट आपलं बटण तोडून त्यात भर घातलीस! आणि त्यानंतरही ते सगळं वर्ष, रोज संध्याकाळी, "ताई, डब्यात आहे ना?" हे कुणासाठी विचारत होतास रे?

वरची विनंती रद्द समजावी. एक तारखेला खुशाल उघड. ग्रुपवर माझ्या वतीने लिही की अकराच आहेत, कोठीवालीची मोजणी एकाने चुकली. पांढरं बटण मी पोस्टाने पाठवणार नाही. ते इथे येऊन न्यायचं. आणि यावर "हं" म्हणू नकोस, तारीख कळव.