डीकनची उजवी बाजू

१२ मार्च, बुधवार

काल हार्लनला पुरलं. जमीन गोठलेली होती, वरचा थर फोडायला शेजारचा वेंडेल ट्रॅक्टर घेऊन आला. वारा इतका की पाद्रीबुवांचं अर्धं बोलणं उडून गेलं. बरं झालं.

रडू आलं नाही. सगळे म्हणतात, नवरा गेला तरी नोरीन खंबीर आहे. खंबीर कसली! आत काही हललंच नाही.

फ्रिजमध्ये लोकांनी आणलेली भांडी एकावर एक. सगळ्यांत बटाटे आणि चीज.

१६ मार्च, रविवार

टेस आज लिंकनला परत गेली. जाताना फाटकाशी गाडी थांबवून म्हणाली, "आई, तो घोडा मला पुन्हा दिसता कामा नये. तू गोळी घाल, नाहीतर मी येऊन घालते."

हार्लन व्यायला आलेल्या गाई बघायला गेला होता, डीकनवर. कोरड्या ओढ्याच्या काठावरून दोघं खाली गेले. घोडा उठला. एवढंच आम्हाला माहीत आहे.

पॉप कॉफी ढवळत होते. टेसची गाडी दिसेनाशी झाल्यावर म्हणाले, "घोड्याचा पाय घसरतो कधीतरी. आता लेकरू बोललं ते मनावर घेऊ नकोस." स्वतःचा मुलगा गेलाय त्यांचा. चौऱ्याऐंशी वय. रोज सकाळी तरीही डीकनला दाणा घालायला जातात. ते काम कायम त्यांचंच.

मला डीकनला मारावंसं वाटत नाही, ठेवावंसंही वाटत नाही. घोड्या लवकरच माजावर येतील आणि आमच्याकडे दुसरा नर नाही. म्हणून राहिला.

२ एप्रिल

बर्फ. दिवसभर गवत टाकलं. बाकी काही नाही.

१९ एप्रिल, शनिवार

तीन शिंगरं झाली. एक अगदी डीकनसारखं, तांबूस, कपाळावर वाकडा पट्टा. उभं राहिलं, पडलं, उभं राहिलं. दरवर्षी हे बघताना मला रडू यायचं. हार्लन चिडवायचा – "बघा, नोरीनबाईंचा पाऊस आला!" या वर्षी नुसती बघत उभी राहिले. मग नाळेला औषध लावलं आणि घरी आले.

४ मे, रविवार

चर्चबाहेर दोघांनी विचारलं, सप्टेंबरचा लिलाव होणार ना? हो म्हणाले. काय म्हणणार!

या वर्षी लिलावात उतरणारं प्रत्येक जनावर डीकनचीच औलाद आहे. हा लिलाव चांगला गेला तर रँच राहते. नाही गेला तर पॉपना गावातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागेल आणि मला टेसच्या सोफ्यावर झोपावं लागेल. हे लिहिताना काहीच वाटलं नाही, याचंच नवल वाटतं.

२४ मे, शनिवार

वासरांना रँचची खूण डागायचा दिवस. शेजारपाजारचे सगळे आले. आमच्या टॉलिव्हरांच्या घरात चार पिढ्यांची रीत आहे – या दिवशी वासरं ओढून शेकोटीपाशी आणायची ती नर घोड्यानंच. दुसरीकडे नर म्हणजे नवरदेव, तबेल्यात बसून खायचं. आमचा सगळ्यांसारखा राबतो. गुरं वळतो, दोर ओढतो, संध्याकाळी पोरांना पाठीवर फिरवतो. गिऱ्हाइकं हेच बघायला येतात आणि याच्याच जोरावर आमची शिंगरं खपतात.

खोगीर चढवलं, पण बसणार कोण? सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मग मी बसले. लोकांनी टोप्या काढल्या. मला वाटलं काहीतरी वाटेल. नाही वाटलं.

डीकन छान चालला. फक्त एकदा गडबड झाली. वेंडेल लसीची पिचकारी घेऊन उजवीकडून आला तर डीकननं त्याला सरळ धडक दिली. वेंडेल धुळीत लोळला. "अहो वहिनी, चर्चमधल्या डीकनसारखा हा डीकन माझा आजच बाप्तिस्मा करतोय की!" सगळे हसले. मीही दात दाखवले.

पण डीकन कोणाच्या अंगावर जाणारा घोडा नाही.

२५ मे, रविवार

आम्ही सगळं डाव्या बाजूनं करतो. डावीकडून खोगीर, डावीकडून चढणं, डावीकडून लगाम धरून नेणं. लहानपणापासून तसंच शिकवतात. घोड्याच्या उजव्या बाजूला कामाशिवाय कोणी जातच नाही.

आज मी गेले. उजवीकडून, काही न बोलता, वारा माझ्याकडे येत असताना. जवळ जाऊन हात हलवला. पापणी लवली नाही. उन्हात धरून बघितलं – डोळ्यात आतून निळसर धुकं. हे आजचं नाही. खूप दिवसांचं आहे.

मग त्याच्या कोठ्यात गेले. पाण्याची टाकी उजवीकडे असायची, ती डावीकडे आलीय. दाण्याची बादली डावीकडे. उजवीकडच्या खांबाला भुश्यानं भरलेलं पोतं बांधलंय, अंग आपटू नये म्हणून. तार टॉलिव्हरांच्या पद्धतीनं पिळलेली, टोक आत दुमडलेलं. हार्लन अशीच पिळायचा. पोत्यावर धुळीचा जाड थर.

म्हणजे त्याला माहीत होतं!

२६ मे

हार्लन, तुला माहीत होतं. माहीत असून तू एका डोळ्यानं आंधळ्या घोड्यावर बसून ओढ्याच्या काठानं जात होतास. का, तर लोकांनी बघावं, टॉलिव्हरांचा नर अजून राबतोय. लिलावापर्यंत कोणाला कळू नये. मलाही.

तीस वर्षं एका ताटलीतला गोड पाई वाटून खाल्ला आपण. मलाही नाही सांगितलंस!

३ जून

राग आहे बहुतेक. ओळखता येत नाही. जेवण जात नाही, पण ते आधीही जात नव्हतं.

१४ जून, शनिवार

दोन गावं पलीकडच्या डॉक्टरला घोडा दाखवला. ट्रेलरवर आमचं नाव आहे, म्हणून वेंडेलचा मागून नेला. डॉक्टर म्हणाला, डोळ्याच्या आत सूज येते, जाते, पुन्हा येते, शेवटी नजर जाते. दुसराही डोळा जाईल कदाचित. मी विचारलं, पोरांत उतरतं का? म्हणाला, या जातीत तसं ठामपणे कोणी सांगू शकत नाही, हो म्हणूनही नाही आणि नाही म्हणूनही नाही.

लिलावात एवढं पुरतं. नुसती कुजबुज झाली तरी लोक पाई खाऊन, कॉफी पिऊन, रिकामे ट्रेलर घेऊन परत जातील.

६ जुलै, रविवार

पॉप ओसरीवर बसले होते. एकदम म्हणाले, "हार्लन त्याच्यावर बसला की कळायचं नाही, माणूस कुठं संपला आणि घोडा कुठं सुरू झाला." त्यांचे डोळे भरले होते.

या माणसाला काय सांगू? तुमचा मुलगा लबाडी करताना मेला? आता या वयात त्यांच्याजवळ मुलाची आठवण सोडून दुसरं आहे काय! नाही सांगणार. त्यांच्यासाठी शेंगा सोलल्या आणि आत गेले.

२९ जुलै

हार्लनशी भांडते. ट्रकमध्ये, गोठ्यात, भांडी घासताना. तो मध्ये बोलत नाही. जिवंत असतानाही भांडणात बोलायचा नाही. त्याचा शर्ट खुंटीवर होता, तो आज चिंध्यांच्या पेटीत टाकला.

१७ ऑगस्ट, रविवार

टेसला फोनवर सगळं सांगितलं. मग म्हणाली, "म्हणजे घोड्याचा दोष नव्हता." मी म्हटलं, नाही. "बाबांनी असं का केलं गं?" मी म्हटलं, रँचसाठी. "आणि आता तू काय करणार? रँचसाठी?"

माझ्यावर गेलीय पोरगी. नको तिथं बोट ठेवते.

५ सप्टेंबर, शुक्रवार

उद्या लिलाव. आजच लोक आलेत, कोलोरॅडोच्या नंबरपाट्यासुद्धा आहेत. शिंगरांच्या पाठीवरून हात फिरवतात, पाय उचलून बघतात. एक बाई लहान मुलीसाठी घोडी शोधतेय. मला म्हणाली, "तुमच्या शब्दावर घेतेय हं. टॉलिव्हरांचा घोडा म्हणजे डोळे मिटून घ्यायचा!" मी पटकन तिथून निघाले.

ठरलं. उद्या लिलाव सुरू व्हायच्या आधी मी डीकनला रिंगणात आणणार आणि त्याच्या उजव्या बाजूला उभी राहून सगळ्यांना सांगणार. मग ज्याला घ्यायचं तो घेईल. रँच गेली तर गेली. लहान मुलीला दुसऱ्याच्या खोटेपणावर बसवणार नाही.

पण पॉपनी ते माईकवरून ऐकायला नको. सकाळी न्याहारीला मीच सांगेन. हार्लनबद्दल जितकं हळू सांगता येईल तितकं.

६ सप्टेंबर, शनिवार

सांगितलं. पॉपनी काटा खाली ठेवला. म्हणाले, "हार्लनला नव्हतं माहीत. मला होतं. ते पोतं मीच बांधलं. त्याला कळलं असतं तर त्यानं लिलावच रद्द केला असता. तुझ्यासारखाच होता तो."

शर्ट पेटीतून काढला. रडतेय. थांबत नाहीये. बाहेर लोक जमलेत.