राउटर आता कपाटावर आहे

गुंड्या,

राउटर माशांच्या टाकीमागून काढून आईच्या खोलीबाहेरच्या कपाटावर ठेवलाय. दिसायला वाईट दिसतो, माहीत आहे. तरी हलवू नकोस. वायरी दिसू नयेत म्हणून तू तो टाकीमागे दडवलास आणि मी तीन आठवडे नेटवाल्यांशी भांडत बसले. काल त्यांचा माणूस आला आणि टाकीकडे बघून हसलाच. एवढ्या पाण्यातून सिग्नल नीट जात नाही म्हणे.

टीव्हीला वेगळी वायर जोडून घेतली आहे, तुझी मॅच अडकणार नाही. पण चार ते सहा ऑफिसच्या फायली अपलोड करत बसू नकोस. तेव्हा आईची गाणी चालू असतात. नेट गेलंच, तर तिच्या टॅबमध्ये चाळीस गाणी उतरवून ठेवली आहेत. तीच ती पुन्हा लागली तरी तिच्या लक्षात येत नाही.

मी ऑफिसच्या कामाला गेले असं तिला सांगितलंय. खरं म्हणजे गाठ काढायची आहे. परवा सोडतील, पुढचं रिपोर्ट आल्यावर. तुला आधी बोलले नाही, कारण आईला बाकी काही आठवत नसलं तरी तुझा चेहरा बरोबर वाचता येतो.

गाणं मध्येच थांबलं की ती मला हाका मारते. मी स्वयंपाकघरातून "आहे गं" म्हटलं की शांत होते. तुझ्या आवाजाने होत नाही, आपण करून पाहिलंय. म्हणून गाणं थांबू देऊ नकोस.

ताई