माल पोचल्यावरच बिल

सिल्वासा, मंगळवार, ९ फेब्रुवारी १९९३

मसाटच्या कारखान्याचा मॅनेजर आज दुकानात आला. कामगारांच्या गणवेशांसाठी त्याने ॲडव्हान्स दिलाय, कपडे मी अजून शिवतेच आहे. म्हणाला, "बेन, पूर्ण बिल आजच बनवा. मार्चच्या आत खर्च दाखवायचाय."

मी म्हटलं, "ॲडव्हान्सची पावती दिली आहे. बिल माल पोचल्यावर."

"दुसरे लगेच देतात."

"देत असतील. कपडे तुमच्या हाती पडेपर्यंत ते पैसे तुमचेच. माझी विक्री कुठे झालीय?"

तो रागावून गेला. ह्यांचा चेहरा उतरला. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच मिळालेली. मी मशीनवर बसले, पण टाके वाकडे पडत होते. फार ताठ बोलले का? उसवून पुन्हा शिवलं, पुन्हा वाकडेच.

संध्याकाळी शेजारच्या मेडिकलमध्ये कारखान्याच्या शेठचा फोन आला. "बेन, आधी बिल देऊन माल न देणारे पुष्कळ भेटले. आमच्या सायलीच्या कारखान्याचे कपडेही तुम्हीच शिवा. ॲडव्हान्स पाठवतो."

"पाठवा," मी म्हटलं, "पावती लगेच मिळेल."

शेठ हसले. "आणि बिल नंतर, समजलं."

आज मला स्वतःचा अभिमान वाटतोय. इथे लिहायला कसली लाज?