होमा बेची थंड गाडी

होमा बे,
बुधवार

प्रिय ओकेयो,

फोनवर तू "मजेत" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसलेय. बसलेय म्हणजे काय, दोन ओळी लिहिते नि उठून गाडीभोवती फेरी मारून येते. मला तुझ्याकडून एक होकार हवाय, आणि तो शुक्रवारच्या आत. पत्र नैरोबीला निघालेल्या ड्रायव्हरच्या हाती देतेय, उद्या मिळेल.

आधी आपल्या दोघांच्या कंपनीचं सांगते, नाहीतर माझ्याच्यानं पुढचं लिहवणार नाही. आपली थंड गाडी सरोवरातली मासळी नैरोबीला न्यायची आणि रिकामी परत यायची. त्या रिकाम्या खेपेत तू नैरोबीत वारलेल्या ओन्यांगो मास्तरांना शेवटचं गावी आणलंस. आपल्याकडे माणूस कुठेही मरो, माती घरच्याच अंगणात. तुला नाही म्हणवलं नाही, मलाही म्हणवलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी धक्क्यावर एकाही मासळीवालीनं टोपली गाडीत चढू दिली नाही. सगळ्यांत पुढे तुझीच आई! "माझी मासळी मढ्याच्या जागेवर निजवू? डोकी फिरलीत का रे तुमची?"

तू नैरोबीला नोकरी धरलीस, त्यानंतर मी गाडी घासून घासून धुतली, पाद्रीबाबांकडून प्रार्थना करवली, निळा रंग मारला. बायका म्हणाल्या, "रंग झ्याक आहे गं, मढ्याला शोभेल." गुंतवणूकदारांनी हात वर केले. तुझा राग अजून आहे मला. धंदा बुडाला म्हणून नाही, मला एकटीला त्यात सोडून गेलास म्हणून.

मग फोन यायला लागले. "आमचे काका नैरोबीत गेले हो, शनिवारी गाडी मोकळी आहे का?" मी खाडकन फोन आपटायची. इंजिनिअर झाले ती प्रेतं वाहायला? एक दिवस एक बाई ऑफिसात येऊन बसली ती हलेचना. "मास्तरांना आणलंत, मग माझ्या नवऱ्यानं काय घोडं मारलंय?" किल्ली उचलून नैरोबीला गेले. आता त्याच कामाला दोन गाड्या आहेत, ड्रायव्हर इस्त्रीचे शर्ट घालतात. परवा किसुमूच्या कॉलेजात मला अपयशातून काय शिकलात ते सांगायला बोलावलं होतं. म्हटलं, गिऱ्हाईक दारात उभं होतं आणि मी त्यालाच हाकलत होते. पोरं हसली. मला काही हसू आलं नाही.

आता मूळ गोष्ट. आईला तू उपचारांसाठी तुझ्याकडे नैरोबीला नेलंस, ते बरंच केलंस. पण काल तू कामावर गेल्यावर तिनं मला फोन केला. म्हणाली, "अवुओर, तुझी गाडी माझ्यासाठी राखून ठेव. डॉक्टर काय बोलतात ते कळतं मला. ओकेयो म्हणतो बरी होशील, मीही हो म्हणते. त्याला सांगू नकोस, घाबरतो गं तो." मी म्हटलं, मावशी, तुमचं बुकिंग मी घेणार नाही. ती रडली, मग मीही रडले. तिला आपलं अंगण बघायचंय रे, आणि बघायला डोळे उघडे लागतात. शुक्रवारी सकाळी मी स्वतः गाडी घेऊन तुझ्या दारात येतेय. मागचा दरवाजा मी उघडणार नाही. पुढे तिघं बसतात, खिडकीची जागा तिची. तू फक्त हो म्हण, तिची पिशवी भर आणि आमच्या दोघींच्या मधे बस.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
अवुओर